दोन हातांनी उघडायचा चाकू

पनवेलमध्ये कुणाला चाकू घ्यायचा असेल, तर त्याने घरतबाईंना बरोबर नेऊ नये, हे मी अनुभवाने सांगते. अख्खी दुपार जाते. दुकानदार आधी खूश होतो, मग दमतो, मग हात जोडतो. आणि एवढं करून शेवटी जो चाकू आपल्या हातात येतो तो इतका साधा, इतका बुटका आणि इतका मुखदुर्बळ असतो, की घरी दाखवल्यावर नवरा विचारतो, "बाकीचे संपले होते का?"

माझ्या नवऱ्याने हेच विचारलं होतं. तो चाकू पुढे माझ्या पर्समध्ये दहा-बारा वर्षं होता, आणि त्या काळात नवऱ्याने तो किती वेळा मागून नेला हे त्याला आठवत नाही.

घरतबाई आणि मी एकाच शाळेत होतो. त्या भूगोल आणि कार्यानुभव शिकवायच्या, मी मराठी. मी रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहाची वेळ होती आणि नव्या माणसाने मदत केली पाहिजे अशा समजुतीने मी दुधाची पिशवी दाताने फोडत होते. मागून आवाज आला, "दात देवाने हसायला दिलेत." वळून बघते तर ठेंगणी, काळीसावळी, ठसठशीत कुंकवाची एक बाई. तिने कमरेचा कापडी बटवा सोडला, त्यातून मुठीत मावेल एवढी एक वस्तू काढली, नखाने पातं उचललं, आणि 'टक्' असा आवाज आला. मग तिने चाकू माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "उचल."

मी हात पुढे केला होता तो तसाच राहिला. मला वाटलं, पहिल्याच दिवशी अपमान.

तो अपमान नव्हता. घरतबाईंच्या घरात चाकू, कात्री, विळी, मीठ आणि मिरची या वस्तू हातातून हातात देत नसत. दिल्या तर भांडण होतं. ज्याला हवी त्याने खाली ठेवलेली उचलायची. तशी ही रीत आमच्याकडेही आहे, पण आम्ही ती सोयीने विसरतो. घरतबाई विसरत नसत. "तुझ्याशी मला भांडायचं असेल तर तोंडाने भांडेन, चाकू मध्ये कशाला?" असं म्हणायच्या. आमची तोंडाने भांडणं बरीच झाली. पण ती कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नाहीत, आणि याचं श्रेय बाई त्या चाकूला देत.

चाकूची मूठ काळ्या शिंगाची होती, दोन्ही टोकांना पितळ. पातं मधल्या बोटाहून आखूड. उघडला की पाठीवरचा खटका आपोआप बसायचा, आणि तो अंगठ्याने दाबल्याशिवाय पातं मिटायचं नाही. पोलादाचं पातं होतं, त्यामुळे लिंबू-कैरी कापून त्यावर निळसर काळे डाग पडले होते. मी एकदा ते घासून चकचकीत करायला निघाले तर बाई केवढ्यांदा ओरडल्या. "त्याचा रंग आहे तो! तुझ्या तोंडाला मी पावडर घासते का?"

दिवसभर तो चाकू काही ना काही कापत असे. खडूच्या खोक्याची सुतळी, कुणाच्या पंजाबी ड्रेसच्या नाडीची बसलेली गाठ, पोरांच्या चपलांचे अंगठे. पाचवीची मुलं पेन्सिली घेऊन त्यांच्या वर्गाबाहेर रांगा लावायची. शार्पनरने केलेलं टोक मोडतं आणि घरतबाईंनी केलेलं परीक्षा संपेपर्यंत टिकतं, अशी शाळेत ठाम श्रद्धा होती. पेरूच्या चार फोडी करताना प्रत्येक वेळी म्हणायच्या, "एक तुला, एक मला, एक उशिरा येणाऱ्याला, एक न सांगता येणाऱ्याला." केळं मात्र कापून देत नसत. केळं सोलून खायचं, त्याचं उद्घाटन करायचं नाही, असं त्यांचं मत होतं.

वर्षातून एक दिवस चाकू बंद असे. खंडेनवमीला. त्या दिवशी तो त्यांच्या देवासमोर झेंडूच्या दोन फुलांखाली बसायचा, खोबरेल तेल लावून. शाळा त्या दिवशी असलीच तर बाई अगदी बापुडवाण्या दिसायच्या. कमरेला हात जायचा आणि परत यायचा. कुणी पेरू आणला तर आख्खा हातात धरून आम्हा सगळ्यांकडे बघत बसायच्या, आणि आम्ही मुद्दाम कुणीच सुरी आणायचो नाही.

हा चाकू त्यांच्याकडे कसा आला, ती गोष्ट त्या रंगात असल्या की सांगायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे. पण ही गोष्ट सुरू झाली की त्या सरळ गावाला जाऊन पोचायच्या. आगरी लग्नात हळद लागली की नवऱ्याच्या हातात चाकू किंवा कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. घरतबाईंचं माहेर उरणच्या बाजूला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी. वऱ्हाड ट्रकमधून आलं. नवरदेव खाली उतरले, मुंडावळ्या आहेत, शेला आहे, आणि हातात काही नाही.

"वाटंत पानी प्यायला उतरले, चाकू कोनाच्या तरी हातात दिला, आन् तो माणूस दुसऱ्या ट्रकात," बाई सांगायच्या. "सासूबाई रडायला लागल्या. बिनचाकूचा नवरा मांडवात नेनार नाय म्हनाल्या. माझ्या बापाला वाटलं, आता वऱ्हाड जातं परत."

शेवटी नवरदेवाच्या मामाने कोटाच्या खिशात हात घातला. मामा मिठागरावर मुकादम होते, मिठाच्या गोणींची सुतळी कापायला हा घडीचा चाकू त्यांच्याजवळ कायम असे. त्यांनी तो उपरण्याला पुसला, उघडला, टोकाला लिंबू खोचलं आणि भाच्याच्या हातात न देता पाटावर ठेवला. लिंबू मोठं, चाकू छोटा. चाकू म्हणून काही दिसेचना. नवरा नुसतं लिंबू धरून लग्नाला उभा राहिला आहे असं वाटायचं, आणि मंगलाष्टकं म्हणणारे भटजीसुद्धा हसायला लागले.

"मी अंतरपाटाच्या खालून बघितलं तर मला पहिलं काय दिसलं? त्या लिंबाचं बूड," बाई डोळे पुसत सांगायच्या. "यांचं तोंड मंग बघितलं."

मामांनी चाकू परत घेतला नाही. नवऱ्याच्या हातात राहिलेली वस्तू नवऱ्याच्या घरची, म्हणाले. पुढे मुलाचा, प्रशांतचा, जन्म झाला तेव्हा पाचवीच्या पूजेला तोच चाकू मांडला आणि मग बाळाच्या उशाशी ठेवला. आधीच्या एका पोरीच्याही उशाशी तोच होता. ती पोर राहिली नाही. हे त्या कधीच रंगात सांगत नसत. एकदाच, चहा पिताना, सहज बोलल्यासारखं सांगितलं आणि लगेच घंटा झाली नसताना वर्गावर निघून गेल्या.

त्यांच्यात आणि एका नव्या मुख्याध्यापकांत या चाकूवरून एकदा वाजलं. सरांनी सूचना काढली की शाळेत कुणीही धारदार वस्तू आणायची नाही. ती मुलांसाठी होती हे उघड होतं. पण घरतबाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या, चाकू टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "उचला सर." सरांनी तो खणात टाकला. आठवडाभर शाळेत एकही पेन्सिल धड नव्हती. मग संगणकाच्या खोलीचं उद्घाटन आलं. पाहुणे आले, फीत बांधली, ताटात हळद-कुंकू, नारळ, सगळं होतं, फक्त कात्री नव्हती. शिपाई इकडे पळाला, तिकडे पळाला. पाहुणे घड्याळ बघायला लागले. तेव्हा घरतबाई शेवटच्या रांगेतून अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "सर, आपल्या खणात आहे."

पाहुण्यांनी त्या चाकूने फीत कापली आणि मिटता न आल्यामुळे उघडा चाकू हातात धरूनच भाषण केलं. भाषण फार छोटं झालं. दुसऱ्या दिवशी चाकू बटव्यात परत होता आणि सूचनेबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

आता माझ्या चाकूची गोष्ट. निवृत्त व्हायच्या आधी त्या एक दिवस म्हणाल्या, "मी गेल्यावर तू परत दाताने पिशव्या फोडशील. चल." आम्ही मिरची गल्लीच्या पलीकडच्या एका दुकानात गेलो. कात्र्या, अडकित्ते, विळ्या, चाकू यांचं ते दुकान इस्माईलभाई नावाचे एक म्हातारे गृहस्थ चालवायचे. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

इस्माईलभाईंनी आधी भला थोरला चाकू काढला. बटण दाबलं की पातं सपकन बाहेर.

"हा कुणाला मारायला?" बाईंनी विचारलं.

"बाई, शौक म्हणून लोक घेतात."

"शौक घरी ठेवा. पेरू कापायचाय."

मग त्यांनी परदेशी पद्धतीचा एक काढला. त्यात करवत होती, स्क्रू ड्रायव्हर होता, बाटली उघडायचं होतं, दात कोरायचंही होतं. मला तो फार आवडला. बाईंनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाल्या, "हे कपाट आहे. कपाट कमरेला लावून हिंडणार का?" मग मला एक पितळी मुठीचा दिसला, नक्षीदार, झळझळीत. मी म्हटलं, हा. बाईंनी तो उघडला, पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवलं. किंचित डुगडुगलं. "बघ. आजच एवढा खेळ आहे. वर्षाने खटका बसेल की नाही सांगता येत नाही. आणि खटका सुटला की पातं कुठे येतं? तुझ्या बोटावर." पितळी गेला.

असे किती चाकू त्यांनी उघडले आणि मिटले. खटक्याचा आवाज कानाशी धरून ऐकायच्या. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतं का, हे उजेडाकडे धरून बघायच्या. मूठ आवळून धरायला लावायच्या आणि तळहातावर कुठे वळ उठतो का ते बघायच्या. एका हाताने, अंगठ्याने झटक्यात उघडणारे चाकू तर त्यांनी बघायचंच नाकारलं. मी कारण विचारलं.

"एका हाताने उघडतो तो दाखवायचा चाकू," त्या म्हणाल्या. "दोन हातांनी उघडायचा असतो तो वापरायचा. दुसरा हात येईपर्यंत माणसाला विचार करायला वेळ मिळतो."

इस्माईलभाईंनी मान डोलावली. "वाह, बाई. क्या बात कही," म्हणाले, आणि मागच्या फळीवरचा एक धुळकट खोका काढला. त्यात तो होता. शिसवी मूठ, आखूड पातं, पाठीवर खटका, चमक नाही, नक्षी नाही. बाईंनी हलवून पाहिला, ऐकून पाहिला, आणि मला म्हणाल्या, "पर्समध्ये टाक आणि वडाळे तळ्याला एक फेरी मारून ये."

"पैसे न देता?"

"जा जा, बाई आहेत ना इथे," इस्माईलभाई म्हणाले.

मी गेले. तळ्याकाठी शेंगा घेतल्या, एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिच्या मुलाचं कौतुक केलं, आणि परत आले. बाईंनी विचारलं, "आठवण झाली का त्याची?" मी म्हटलं, नाही, विसरलेच. "मग हाच," त्या म्हणाल्या. "जवळ आहे हे विसरता आलं पाहिजे, आणि लागला की हात बरोबर तिथे गेला पाहिजे." त्यांनी तो काउंटरवर ठेवला. मी उचलला.

नवरा काय म्हणाला ते वर सांगितलंच आहे.

बाईंचं सासरचं गाव विमानतळासाठी उठलं. घरं उतरवायची वेळ आली तेव्हा मी एका रविवारी मदतीला गेले होते. कौलं उतरली होती, सामान टेम्पोत चढलं होतं. बाई परसात शेवग्याच्या झाडाखाली उभ्या होत्या. विचुंब्याला फ्लॅट घेतला होता, तिथे लावायला एक फांदी न्यायची होती. मनगटाएवढी जाड फांदी आणि हातात तो चिमुकला चाकू. त्या हळूहळू सालीवर गोल फिरवत होत्या. मी म्हटलं, "कुणाकडून कोयता आणू का?"

"आण की. आन् मंग काय करू?" त्या म्हणाल्या. "एका घावात तुटंल. मंग निघायचंच राहील."

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. त्यांनी आपला वेळ घेतला. फांदी विचुंब्याच्या सोसायटीत लावली आणि सेक्रेटरींशी भांडून जगवली. पुढच्या वर्षी प्रशांतचे बाबा गेले. तेव्हापासून चाकू रात्रीसुद्धा बाईंच्या उशाशी असे. मला त्यांच्या त्या दिवसांतल्या हसण्याची भीती वाटायची, कारण त्या हसायच्या अगदी पूर्वीसारख्याच.

प्रशांत बंगळूरला नोकरी करतो. नवं विमानतळ सुरू झालं आणि त्याच सुमारास त्याच्या बायकोचे, स्नेहाचे, दिवस भरत आले. प्रशांतने आईचं विमानाचं तिकीट काढलं. बाईंचा पहिला विमानप्रवास. गुडघे गेले होते, विचुंब्याला एकटीने राहणं होत नव्हतं, त्यामुळे त्या परत राहायला येतील असं मला वाटत नव्हतं. त्यांनाही नसावं. शेवग्याला पाणी घालायचं काम त्यांनी सेक्रेटरींनाच सांगितलं होतं.

मी टॅक्सीने सोडायला गेले. वाटेत मी म्हटलं, "चाकू मोठ्या बॅगेत टाकलात ना? मी कितीदा सांगितलं."

"पाचवीला मांडायची वस्तू सामानात टाकायची? लोकांचे पाय लागतात," बाई म्हणाल्या आणि कमरेवर थोपटलं.

"अहो, आत नेऊ देणार नाहीत!"

"विचारतील तर सांगेन कशासाठी आहे ते. तिथे बायकाच तपासतात ना? त्यांना पोरंबाळं नाहीत?"

तोवर मोठी बॅग डिकीत, आणि बाई खिडकीतून बाहेर बघण्यात गुंग. "इथे टेकडी व्हती," म्हणाल्या. "आख्खी टेकडी." ड्रायव्हर हसला. बाई त्याला पुलाच्या अलीकडे कुणाचं खळं होतं आणि पलीकडे कुणाची खाजणं, हे सांगत बसल्या. मी म्हटलं, दारावर समजावू. पण दारावर फक्त तिकीट बघितलं, आणि बाई बॅग ढकलत आत गेल्यासुद्धा. सुनेच्या बाळंतपणाला निघालेली सासू होती ती. तिला कोण थांबवणार?

ड्रायव्हरला चहा प्यायचा होता म्हणून मी अजून तिथेच होते. तेवढ्यात फोन आला. "अनघा, हाय का गेलीस?"

त्या दारातून बाहेर आल्या तेव्हा बरोबर विमान कंपनीची एक तरुण मुलगी होती. तपासणीच्या बाईने ऐकून घेतलं होतं म्हणे. "अम्मा, हमारे यहाँ भी बच्चे के सिरहाने रखते हैं. लेकिन अंदर नहीं जा सकता," असं सांगून तिने दोनच वाटा सांगितल्या होत्या. इथे टाकून द्या, नाहीतर बाहेर कुणाला तरी देऊन या. बॅग तर केव्हाच विमानाकडे गेली होती.

"टाकून द्या म्हनते," बाई मला म्हणाल्या. चेहरा रडवेला. आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "चल घरी. मी नाय जात."

"अहो, स्नेहाला कधीही कळा सुरू होतील."

"मंग? रिकाम्या हाताने जाऊ? पहिल्या पोरीच्या वेळंला पाचवीला हा मांडायचा राहिला व्हता. मिठागरावर मामांनी त्या दिवसापुरता नेला व्हता. उशाशी ठेवला तो मागून." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "माझा इश्वास हाय का नाय ते मला ठाऊक नाय. पन ह्या येळंला चुकवायचा नाय."

तेव्हा मला कळलं की त्या चाकूसाठी रडत नव्हत्या. मी म्हटलं, "मी घेऊन येते. पाचवीच्या आत."

"कुरिअर करशील."

"नाही करणार."

"कुरिअरचा माणूस हातात देतो," त्या म्हणाल्या. एवढ्या गोंधळातही मला हसू आलं, आणि माझं बघून त्यांनाही.

कंपनीची मुलगी घड्याळाकडे बघत होती. बाईंनी बटव्यातून चाकू काढला आणि ठेवायला जागा शोधू लागल्या. ना कट्टा, ना टेबल. एक कचऱ्याचा डबा आणि सामानाच्या ढकलगाड्या. मग त्या गुडघे धरून, कण्हत खाली वाकल्या आणि चाकू जमिनीवर ठेवला. दारावरचा शिपाई दचकून पुढे आला.

"हितं ठेवते," बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. "जमीन आमचीच हाय." मग मला म्हणाल्या, "उचल."

मी उचलला. त्या आत गेल्या. काचेतून दिसत होत्या तोवर त्यांचा हात कमरेला जात होता आणि परत येत होता.

मुलगी झाली, असा प्रशांतचा फोन त्याच आठवड्यात आला. मी रजा टाकली, कळंबोलीहून बंगळूरची बस पकडली आणि पाचवीच्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले. पाटावर चाकू ठेवला. मी काही म्हणायच्या आत बाईंनी तो उचलला, पदराने पुसला, उघडला आणि टोकाला लिंबू खोचलं. लिंबू अजूनही चाकूपेक्षा मोठंच दिसत होतं. पूजा झाल्यावर त्यांनी तो मिटला, फडक्यात गुंडाळला आणि बाळाच्या गादीखाली उशाशी ठेवला. स्नेहाने विचारलं, "आई, किती दिवस ठेवायचा?" बाई म्हणाल्या, "आता तिचाच तो. मोठी झाली की तीच ठरवेल." प्रशांत आईकडे बघत राहिला. त्याला बहुधा त्या आधीच्या पोरीबद्दल ठाऊक होतं.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. बाई पाठमोऱ्या ओट्याशी उभ्या होत्या आणि दुधाची पिशवी दाताने फोडत होत्या. मी दारातूनच मागे फिरले. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांना दिसू नये म्हणून मी बाळाशी खेळत बसले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू त्यांनी डब्यात भरून दिले. डबा सुतळीने बांधला, गाठ मारली आणि जादाचं टोक कापायला सवयीने कमरेला हात नेला. मग ओशाळून म्हणाल्या, "तुझा काढ."

मी माझा चाकू चपलांच्या कपाटावर ठेवला. त्यांनी तो उचलला, दोन हातांनी उघडला, सुतळी कापली. पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. "नाही डुगडुगत," म्हणाल्या. "नीट वापरतेस की." मग मिटला. तो बटव्याकडे नेता नेता त्यांचा हात थबकला. हसल्या, चाकू परत कपाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "उचल. नाहीतर राहून जाईल इथेच."

लिफ्ट आली होती. मी डबा उचलला. पिशवी उचलली. लिफ्टमध्ये शिरून बटण दाबलं.

"अगं, उचल की!" बाई ओरडल्या. "अनघा! चाकू!"

मी नुसती हसले. दार सरकायला लागलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्यांना समजलं. लिफ्टचं दार बंद झालं. खाली जायला लागण्याच्या आधी मला पलीकडून ओळखीचा आवाज ऐकू आला. टक्.